जमादारमामांची तपासणी

जमादारमामा ऑफिसात यायचे त्याआधी त्यांचा आवाज यायचा. खाली रस्त्यावर त्यांची एम-एटी मोपेड बंद व्हायची, मग चहाच्या टपरीवाल्याला, पानवाल्याला आणि एस.टी.ची वाट बघत उभ्या असलेल्या अनोळखी माणसालाही ते दोन-दोन वाक्यं ऐकवायचे. "काय पावणं, रत्नांग्रीची गाडी? आज दोन तास येत न्हाय. बसा निवांत." त्यांचं वाक्य संपायच्या आत रत्नागिरीची गाडी वळणावर दिसायची. पाहुणा हसत गाडीत चढायचा आणि मामा काहीच न झाल्यासारखे जिना चढून वर यायचे.

मलकापूरच्या आमच्या शेतीच्या ऑफिसात मी लिपिक म्हणून रुजू झाले ते नव्वदचं दशक संपत आलेलं असताना. मी कोल्हापूर शहरातली, पेठेत वाढलेली. शेत बघितलेलं ते पन्हाळ्याला जाताना गाडीच्या खिडकीतून. पहिल्या दिवशी मी टेबलावरची धूळ पुसत होते, तेवढ्यात पांढराशुभ्र सफारी घातलेला, केसांना काळाभोर कलप लावलेला, डोळ्यांवर गॉगल चढवलेला एक माणूस दारात उभा राहिला. मला वाटलं, जिल्ह्याहून कुणी मोठे साहेब आले. मी गडबडीने उठून उभी राहिले. "बसा ताई," ते म्हणाले, "मी दस्तगीर जमादार, कृषी सहायक. उठून उभं राहायचं असलं तर माझ्या बुटाकडं बघून राहा. त्येला लई कष्ट पडत्यात."

ते खरं होतं. मामांच्या ताब्यातली गावं सगळी डोंगरातली, तांबड्या मातीची. दिवसभर तिथं हिंडूनही संध्याकाळी त्यांचे बूट चमकत असायचे, कारण खिशात एक फडकं कायम असायचं आणि प्रत्येक बांध ओलांडला की ते वाकून बूट पुसायचे. शेतकरी त्यांची चेष्टा करायचे. मामांना त्याचं काही वाटत नसे. ऑफिसात सगळे त्यांना मामाच म्हणायचे. आठवड्याभरात मीही म्हणायला लागले.

त्यांचं काम काय, ते आधी सांगते. तेव्हा सरकारची फळबागेची योजना होती. डोंगरउताराच्या पडीक जमिनीत काजू, आंबा लावायचा, खड्डे मारण्यापासून पाणी घालण्यापर्यंतच्या मजुरीचे आणि रोपांचे पैसे सरकार हप्त्याने द्यायचं. तीन वर्षं हा हिशोब चालायचा. अट एकच. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर बाग तपासायची आणि ठरलेल्या प्रमाणात झाडं जिवंत असली तरच पुढचा हप्ता सोडायचा. झाडं त्याहून जास्त मेली असली तर बाग 'बाद' लिहिता यायची, आणि एकदा बाद लिहिली की त्या शेतकऱ्यापुरती योजना संपली. कुठलं झाड जिवंत आणि कुठलं मेलेलं हे ठरवायचं काम मामांचं.

मार्चमध्ये काजूचं लहान रोप बघितलंत तर ते जिवंत आहे की गेलंय हे देवालाही सांगता येणार नाही. पानं झडलेली, काडी वाळलेली. मामा उकिडवे बसायचे, अंगठ्याच्या नखाने साल किंचित खरवडायचे आणि बघायचे. आत हिरवं दिसलं की म्हणायचे, "जित्तं." पांढरं-तपकिरी दिसलं की नुसतेच उठून पुढे जायचे. 'मेलं' हा शब्द ते मालकासमोर उच्चारत नसत.

दुसरी त्यांची सवय म्हणजे तपासणीआधी कुणाच्या घरी पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. "च्या आदी प्यालो की डोळं चुलीकडं राह्यत्यात," असं त्यांचं म्हणणं. पण तपासणी झाली की मात्र चहा, दूध, भाकरी, जे पुढे येईल ते. हे कुणाच्याही घरी आणि अगदी सारखंच. बौद्धवाड्यात असो, धनगरवाड्यावर असो की गावच्या मोठ्या वाड्यात, चुलीपाशी बसून ते जेवायचे आणि दुसऱ्यांदा मागून घ्यायचे.

या सवयीची एक गंमत तर तालुकाभर झाली होती. एका गावच्या माजी सरपंच पाटलांनी भरपूर आंबा-काजू लावला होता. म्हणजे लावला होता असं त्यांचं म्हणणं. तपासणीच्या दिवशी त्यांनी बोकड पाडला आणि मामांना सकाळीच अंगणात अडवलं. "आदी जेवा, ऊन उतरलं की बाग बघू." मामांना मटणाचं वेड होतं. इतकं, की ऑफिसात कुणाच्या डब्यात रस्सा आहे हे ते जिन्यावरच ओळखायचे, आणि हा त्यांचा एक अंदाज कधी चुकला नाही. त्या दिवशी ते अंगणात उभे राहिले, वास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "पाटील, झाकण ठेवा. आलोच." भर उन्हात दोन तास डोंगर तुडवून आले. निम्मी बाग गेलेली होती. तसं लिहिलं, पाटलांना वाचून दाखवलं, हात धुतले आणि पाटावर बसले. पाटलांचं तोंड एवढंसं झालेलं. मामा मात्र मन लावून जेवले आणि पुन्हा वाढा म्हणाले. "बाग निम्मी गेली पाटील, पण रस्सा झकास." पाटलांना रागवायचं होतं, पण जेवणाऱ्या माणसावर रागवायची रीत त्या घरात नव्हती. त्यांनी स्वतः वाढलं. पुढच्या वर्षी पाटलांनी स्वतःच्या पैशाने खरोखरच झाडं लावली आणि मामा पुन्हा जेवायला गेले.

मामांचं सगळंच असं चोख होतं असं नाही. पावसाचा अंदाज सांगायची त्यांना भारी हौस आणि तो अंदाज हमखास चुकायचा. मामा म्हणाले आज कोरडं जाणार, की आम्ही बायका छत्र्या घेऊनच बाहेर पडायचो. लिहायचा त्यांना कंटाळा. सरकारी भाषा तर त्यांच्या हाताला कधी लागलीच नाही. अहवाल सांगायला ते माझ्या टेबलापाशी बसायचे आणि मी लिहून घ्यायचे. "लिवा ताई. बागेच्या वरच्या अंगाला ओढा हाय. मालकाचा थोरला पोरगा कामाचा हाय, धाकटा निस्ता एस.टी. स्टँडावर बसतोय." मी म्हणायचे, "मामा, धाकट्याचं सरकारला काय करायचंय?" ते गंभीरपणे म्हणायचे, "पाणी कोण घालणार ते सरकारला नको कळाय?" मी ते गाळायचे. नंतर साहेबांपुढे जाऊन ते तोंडी सांगायचेच.

आणि बकऱ्या. तालुक्यातल्या यच्चयावत बकऱ्यांशी मामांचं वैर होतं. रोपाचा शेंडा खाणाऱ्या बकरीचा मालक रस्त्यात भेटला तर ते एम-एटी थांबवून भांडायचे. त्यांच्या बायकोला, नसीमभाभींना, परसात एक दुभती बकरी पाळायची होती. बारा महिने त्या घरात या विषयावर बोलणी चालू असायची. ईदला आम्ही शीरखुर्मा खायला जायचो तेव्हा भाभी आम्हाला पंच नेमायच्या. "तुमीच सांगा ताई, घरच्या दुधाचा खुर्मा ह्येच्यापरास ब्येस झाला नसता का?" मामा वाटीतून मान वर न काढता म्हणायचे, "बकरी आली की मी गेलो." बकरी आली नाही आणि मामाही कुठे गेले नाहीत. दोघांचं फार छान चाललेलं असायचं.

शेवंता कांबळेची गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण मला मामा आठवतात ते तिच्या बागेतले.

मलकापूरपासून आत, घाटाच्या बाजूला एक वाडी होती. तिथल्या बौद्ध कुटुंबांकडे डोंगरउताराची जमीन होती, पण तिथं नाचणीसुद्धा धड यायची नाही. शेवंताचा नवरा दिनकर वर्षातले आठ महिने इचलकरंजीला कापडाच्या मागावर असायचा. शेवंता, दोन लहान मुली आणि सासू वाडीत. मामांनी तिला योजनेचं सांगितलं तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, "मजुरी आमालाच मिळंल? आमच्याच रानात राबायची?" मिळेल म्हटल्यावर तिने दिनकरला निरोप धाडला. तो आला, दोघांनी मिळून खड्डे मारले आणि पावसाळ्यात काजू लावला. त्या वर्षी पहिल्यांदा दिनकर दिवाळीनंतर मागावर परत गेला नाही. खालच्या झऱ्यावरून घागरीने पाणी आणून दोघं रोपांना घालायची. मार्चची तपासणी पास झाली आणि पुढचा हप्ता सुटला, तर तो वाडीतच राहणार होता. नाही सुटला, तर पुन्हा इचलकरंजी. एवढा साधा हिशोब होता, आणि तो वाडीतल्या पोराटोरांनाही माहीत होता. बाकीची घरं शेवंताचं काय होतंय ते बघून आपण लावायचं की नाही हे ठरवणार होती.

मार्चमध्ये मामा एकटे जाऊन बाग बघून आले. उड्या मारत जिना चढले. "ताई, लिवा. समदी बाग जित्ती. अशी बाग म्या आजवर बघितली न्हाय." आठवड्याने आमचे नवे साहेब, मोहितेसाहेब, फेरतपासणीला निघाले. हप्त्याच्या कागदावर त्यांची सही लागायची. मार्चअखेर असल्यामुळे कागद जागेवरच पुरे करायचे होते, म्हणून मलाही जीपमध्ये घेतलं. ऑफिसबाहेरचं कामाचं माझं पहिलंच जाणं. मी चांगली साडी नेसून गेले आणि काटेरी कुंपणाला ती फाडून घेतली, ते जाऊ दे.

वाडीत पोचलो तर सगळी वाडी गोळा झालेली. शेवंता पुढे आली. तिशीच्या आतली, सडसडीत, डोक्यावर पदर. "या साहेब," म्हणाली, पण तिचं लक्ष आमच्याकडे नव्हतं. दिनकर तिच्या मागे उभा. मोहितेसाहेब माणूस कडक पण सरळ. त्यांचा गुडघा दुखायचा. खालच्या ओळी त्यांनी एकेक करून बघितल्या. झाडं खरोखरच छान होती, गुडघाभर उंचीची, काहींना नवी तांबूस पालवी. साहेब खूष झाले. चढ बघून एका आंब्याच्या सावलीत बसले आणि म्हणाले, "जमादार, वरचं तुम्ही बघून या. मी सही करायला घेतो."

मामा आणि मी वर निघालो, मागोमाग शेवंता. वरच्या ओळीतली झाडंही उभी होती. मामा वाकले, नख लावलं. "जित्तं." पुढचं. "जित्तं." तिसऱ्या झाडापाशी मला काहीतरी लाल दिसलं. एवढ्याशा झाडाला पानांच्या आड एक छान पिकलेलं बोंड लटकत होतं, खाली काजूची बी. मला केवढा आनंद झाला. मी म्हटलं, "मामा, बघा तरी, पहिल्याच वर्षी फळ."

मामा उठून उभे राहिले. बोंडाकडे बघितलं, मग शेवंताकडे. ती खाली बघत होती. बियांपासून केलेलं, वर्ष न झालेलं काजूचं रोप. त्याला फळ यायला अजून तीन-चार वर्षं तरी लागतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मामांनी दोन बोटांनी झाड धरलं आणि हलकेच वर ओढलं. ते तसंच हातात आलं. मुळं नव्हती, खाली कोयत्याचा तिरका घाव होता. फांदी सकाळीच तोडलेली, म्हणून साल हिरवी होती.

एरवी त्यांचं बोलणं पलीकडच्या डोंगरावर ऐकू जायचं. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना हळू बोलताना ऐकलं. "काय झालं शेवंता?"

"रानगवं आलतं परवा," ती म्हणाली. "धा-बारा असतील. वरच्या ओळी समद्या तुडवल्या, खाल्ल्या. थाळ्या वाजवल्या, टेंभं पेटवलं, हाललं न्हाईत." तिने मान वर केली. "साहेब, खाली मोठं साहेब सही करत्यात. करू दे की. पावसाळ्यात मी परत रोपं लावीन की. आईची आन घेऊन सांगती."

खाली आंब्याखाली साहेबांनी पेन काढलेलं दिसत होतं. दिनकर त्यांच्या शेजारी उभा राहून वर आमच्याकडे बघत होता. मामा जर तसेच खाली गेले असते आणि "समदी जित्ती" म्हणाले असते, तर कुणालाही काही कळलं नसतं. माझ्यापुरतं म्हणाल तर मीही बोलले नसते. त्या बाईचा चेहरा बघून कुणीच बोललं नसतं. आणि मामांचा स्वतःचाच, सगळी बाग जिवंत असल्याचा अहवाल आठवड्यापूर्वीच फाइलला लागला होता. फांद्यांचं हे खोटं उघडं पडलं तर आधी त्यांनाच जाब द्यावा लागणार होता.

त्यांनी गॉगल काढून खिशात ठेवला आणि नेहमीच्या आवाजात हाक मारली, "साहेब, जरा वर येता का? सही थांबवा."

शेवंताच्या तोंडून एक शब्द बाहेर पडला, तो मी लिहीत नाही. मला त्या क्षणी मामांचा राग आला, अगदी मनापासून राग आला. मोहितेसाहेब गुडघ्यावर हात ठेवत चढून आले. मामांनी ती फांदी त्यांच्या हातात दिली. साहेबांनी बोंड बघितलं, घाव बघितला, मग ओळीतली आणखी एक फांदी उपटली, आणखी एक. त्यांचा चेहरा उतरला.

"कुणी केलं हे?"

"म्या," शेवंता म्हणाली.

"मीबी हुतो," मागून एक म्हातारा पुढे आला. मग दिनकर म्हणाला, मीपण. मग शेजारचे दोघं, मग दिनकरची आई. सगळी वाडीच एकेक करून कबूल झाली. त्या म्हाताऱ्याकडे, तुका आज्ज्याकडे, साहेबांनी ती बोंडाची फांदी धरली. "आजोबा, वर्षाच्या रोपाला फळ येत नाही एवढंही कळलं नाही?"

आज्जा शांतपणे म्हणाला, "कळतंय की साहेब. पर शेवंताची बाग. द्यायचीच तर म्हटलं चांगली फांदी द्यावी. वाळकी कशी देऊ?"

मोहितेसाहेबांनी तोंड फिरवलं. ते हसताहेत हे त्यांच्या पाठीवरून मला कळलं. पण वळले तेव्हा हसू नव्हतं. "जमादार, तुमच्या अहवालात सगळी बाग जिवंत आहे."

"तवा हुती साहेब."

"आणि आता? नियमाने मी ही बाग बाद लिहायला पाहिजे."

"नियमानं लिवायचं तर दिसतंय ते लिवा," मामा म्हणाले. "खाली जित्ती हाईत ती जित्ती लिवा. हितं गवं आलतं म्हणून लिवा. ही बघा खुरं, अजून वली हाईत. फांद्याखालनं उकरून काढतो, समदी दावतो. आज तुमी भरलेली बाग म्हणून सही केली असती, तर पावसाळ्यात ह्या जागंला रोप मागाय मी कुटं गेलो असतो? कागदावर हितं झाड उभं हाय. आन् गव्याची भरपाई कशी मागायची? कागदावर गवा आलाच न्हाय." मग त्यांनी शेवंताकडे बघितलं. "ही फांदी आठ दिसानं वाळंल गं. मग काय, दरवर्सी नवी खोचणार?"

दिनकर खाली बसला आणि हाताने माती सारून खुरांचे ठसे मोकळे करायला लागला. मग सगळेच लागले. फांद्या उपटून बाजूला ढीग केला. खाली तुडवलेली, चघळून टाकलेली खरी रोपं मिळाली. आंब्याखाली बसून मी पंचनामा लिहिला आणि तुका आज्ज्यासकट वाडीतल्या पंचांनी अंगठे उठवले. मोहितेसाहेबांनी बाग बाद लिहिली नाही. नांग्या भराव्यात, म्हणजे मेलेल्या जागी नवी रोपं लावावीत, आणि हिवाळ्यात पुन्हा तपासणी करून मग हप्ता सोडावा, असं लिहिलं. तोवर हप्ता थांबला.

त्या दिवशी शेवंताने कुणाला चहा विचारला नाही. मामा जीपमध्ये पुढे बसले. मलकापूरला उतरताना मला म्हणाले, "ताई, रागावलाय न्हवं? रागवा. मलाबी माझा राग आलाय. पर दुसरं काय करणार हुतो?" आणि आपले बूट न पुसताच घरी गेले.

त्याच आठवड्यात दिनकर इचलकरंजीला गेला. हे मामांना फार लागलं. ऑफिसात ते बोलायचे, चेष्टा करायचे, पण त्या वाडीचं नाव निघालं की खिडकीतून बाहेर बघत बसायचे. वनखात्याकडे भरपाईसाठी त्यांनी इतक्या खेपा घातल्या की तिथला कारकून त्यांना बघून चहाला बाहेर पडायचा. भरपाई आली. थोडी आली, उशिरा आली, पण आली. पावसाळ्यात मामा एम-एटीच्या मागे रोपांच्या पिशव्या बांधून स्वतः वाडीत गेले. शेवंताने रोपं उतरवून घेतली, बोलली नाही. मामाच बोलत राहिले, तिच्याशी नाही तर रोपांशी. "हितं बरं हाय बघ तुला, वरनं पाणी येतंय, खाली झरा हाय. गवं आलं तर आवाज दे." मुली हसायला लागल्या. शेवंता हसली नाही, पण दुसऱ्या खेपेला तिने त्यांना पाण्याचा तांब्या दिला. हे सगळं मामांनीच मला सांगितलं, आणि तांब्याचं दोनदा सांगितलं.

हिवाळ्यात फेरतपासणी झाली, बाग पास झाली, हप्ता सुटला. दिनकर परत आला तो कायमचा. त्याने आणि वाडीतल्या माणसांनी मिळून वरच्या अंगाला दगडांचा उंच बांध घातला. पुढच्या पावसाळ्यात वाडीतल्या आणखी घरांनी काजू लावला. तुका आज्ज्यानेही लावला, या वयात. सगळं असं चांगलं व्हायला लागलं की मामांना पावसाचे अंदाज पुन्हा सुचायला लागले.

तिसऱ्या तपासणीच्या वर्षी मामा मेअखेर निवृत्त होणार होते. माझीही कोल्हापूरला बदली व्हायची होती. मामा नंतर आजऱ्याला गेले, लेकीच्या घराजवळ घर बांधलं. फोनवर अजून पाऊस सांगतात. भाभींनी बकरी घेतली आहे. निवृत्त माणसाचं कोण ऐकतं, असं त्या मला म्हणाल्या आणि मागून मामांचं हसणं ऐकू आलं. पण रानात तपासणी करताना मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्या मार्चमध्ये, शेवंताच्या बागेत. शेवटचा हप्ता होता. मी मुद्दाम मागून घेऊन गेले, या वेळी जुनी साडी नेसून.

झाडं छातीएवढी झाली होती. मोहितेसाहेब खालीच दिनकरशी बोलत थांबले. मामा पुढे झाले, पण शेवंता म्हणाली, "साहेब, आज मी म्होरं हुते." आणि ती ओळीतून चालायला लागली. प्रत्येक झाडाला हात लावायची आणि म्हणायची, "जित्तं." मामा मागून खूण करायचे. खालच्या ओळी झाल्या, मधल्या झाल्या. अगदी वर, बांधाच्या कडेला ती थांबली.

"ही दोन मेल्यात," ती म्हणाली. "लिवा."

मामांनी बघितलं. पानं झडलेली, पण झाडं उभी होती. "दम धर की जरा. पालवी फुटंल पावसात. काजू असंच करतंय."

"न्हाय फुटायची. पाणी मी घालतीया साहेब, मला म्हाईत हाय. मुळाला वाळवी लागलीया. लिवा तुमी, दोन मेली."

दोन झाडं गेल्याने हप्त्याला काही होणार नव्हतं, हे मामांना माहीत होतं. शेवंताला ते माहीत असेल असं मला वाटत नाही. मामांनी कागदावर पेन टेकवलं आणि तसेच उभे राहिले. मग कागद माझ्याकडे दिला. "ताई, तुमीच लिवा," एवढं म्हणून त्यांनी गॉगल काढला आणि बूट पुसायचं फडकं डोळ्यांना लावलं. तोंडाला तांबडी माती लागली, ते त्यांना कळलंही नाही. मी लिहिलं. शेवंताने त्यांच्याकडे बघितलं, जरा थांबली आणि एरवी ते ज्या आवाजात बोलायचे त्याच आवाजात म्हणाली, "चला साहेब, अजून एक ओळ ऱ्हायलीया." आणि मामा मुकाट्याने तिच्या मागून चालायला लागले.